वाट्यांची उतरंड

आमच्या विक्रोळीच्या वस्तीतली पोरं दरवर्षी दिवाळीला अंक काढतात. यंदा माझ्याकडे आली. म्हणाली, "गयाआजी, तुम्ही आयुष्यभर लोकांचे पेशंट सांभाळले. लिहा ना काहीतरी." मी म्हटलं, "अरे, मी चौथी पास." तर त्यातला एक म्हणाला, "आजी, आम्ही ग्रॅज्युएट आहोत, आम्हाला तरी कुठं लिहिता येतं?" हे खरं बोलला, म्हणून लिहायला घेतलं.

आधी काम काय ते सांगते, कारण ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस नाही त्यांना ते माहीत नसतं. घरात म्हातारं माणूस पडलं, मुलं-सुना नोकरीवर, की ब्युरोला फोन जातो. ब्युरो आमच्यासारख्या बाईला पाठवतो. दिवसपाळी नाहीतर रातपाळी. अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, गोळ्या द्यायच्या, हागणं-मुतणं काढायचं. लोक म्हणतात सेवा. सेवा वगैरे काही नाही, ते काम आहे आणि ते शिकावं लागतं. चादर न काढता चादर बदलता आली पाहिजे. माणूस जड असलं तरी उचलायचं नसतं, वळवायचं असतं. जोर लावणारी बाई वर्षभरात स्वतःच पेशंट होते. माझ्या हाताखालच्या एकाही पेशंटच्या पाठीला जखम झाली नाही. हे मी मोठेपणानं सांगते, कारण सांगण्यासारखं तेवढंच आहे.

बाकीचं काम तोंडाचं. पेशंटशी खोटं बोलायचं नाही, कारण त्याला दुसरं काम नसतं, तो खोटं बरोबर पकडतो. आणि पेशंट जे बोलतो ते घरच्यांना सांगायचं नाही. अंगाला तेल लावताना माणसं बोलतात. कपडे उतरवलेले असतात, लाज गेलेली असते, मग आतलंही बाहेर येतं. ते आपल्याला सांगितलेलं नसतं, तेलाच्या हाताला सांगितलेलं असतं. हात धुतला की संपलं.

म्हातारी माणसं विचित्र असतात म्हणतात. असतात. बोरिवलीला एक बाई उशीखाली चपात्या लपवायच्या. सून मुंग्यांनी वैतागली होती. मी सुनेला म्हटलं, रोज एक चपाती कागदात गुंडाळून तुम्हीच द्या, मुंग्या येणार नाहीत. पार्ल्याचे एक रिटायर्ड मास्तर माझ्याकडून रोज पेपर मोठ्यानं वाचून घ्यायचे आणि चुकलं की पहिल्यापासून. मला जे काही वाचता-लिहिता येतं ते त्यांच्यामुळे, असं म्हणायला हरकत नाही, पण माणूस अतिशय खडूस होता. दिवाळीला मिठाईचा डबा दिला तोसुद्धा मोकळा करून परत मागितला.

तर या विचित्रपणाच्या मुळाशी काहीतरी असतं. ते खणत बसणं आपलं काम नाही. पण मुलुंडच्या बांचं मूळ मला न खणता कळलं, आणि ते कळूनही मला काही करता आलं नाही. ते लिहिते.

बा म्हणजे कच्छच्या. तिकडे मोठा भूकंप झाला त्यात त्यांचं घर पडलं, नवरा गेला. मुलगा किरीटभाई मुंबईत होता, तो त्यांना मुलुंडला घेऊन आला. त्याचं घाटकोपरला हार्डवेअरचं दुकान. बिजागऱ्या, कड्या, कुलपं. घर टॉवरमध्ये अगदी वरच्या मजल्यावर, खिडकीतून मागचे डोंगर दिसायचे. सून नीताबेन घरी असायची. बा पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मला बोलावलं. वॉकर धरून चालायच्या. डोकं एकदम साफ. इतक्या वर्षांत मराठी बोलायला शिकल्या होत्या, मध्ये मध्ये गुजराती.

पहिल्याच दिवशी मी त्यांना बाथरूममध्ये नेलं आणि सवयीनं आतून कडी लावली. बांनी वॉकर सोडला आणि माझं मनगट धरलं. ऑपरेशन झालेल्या बाईच्या हातात एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं.

"गयाबेन, कडी नाही."

"अहो बा, कोणी आलं तर?"

"येऊ दे. मला बघून कोण पळून जाईल ते जाईल."

त्या घरात कुठल्याच दाराला कडी लागलेली त्यांना चालायची नाही. बाथरूमची नाही, खोलीची नाही, मुख्य दाराचीसुद्धा नाही. किरीटभाई आंघोळीला गेला की या बाहेरून ओरडणार, "किरीट, कडी काढ!" आणि तो आतून ओरडणार, "बा, मला शांतपणे आंघोळ तरी करू दे!" हे रोज. मुख्य दार तर बा रात्री उठून वॉकर घेऊन उघडून यायच्या. एकदा सकाळी कुरिअरवाला सरळ हॉलमध्ये येऊन उभा राहिला, नीताबेन गाऊनवर. तिनं दोन दिवस बांशी बोलणं टाकलं.

दुसरं म्हणजे वाट्या. बांच्या उशाशी टेबलावर एक स्टीलचं ताट. त्यात ग्लास पालथा, त्यावर वाटी, वाटीवर लहान पेला पालथा, त्यावर आणखी एक वाटी, सगळ्यात वर चमचा. अशी उतरंड. जमीन हलली की ती ताटात पडणार आणि आवाज होणार. भूकंपानंतर गावात धक्के येतच राहिले, तेव्हा घरोघरी लोक असं करून झोपायचे म्हणे. सकाळी उतरवून घासायचं, पुन्हा रचायचं, हे माझं काम. नीताबेन म्हणायची, "मावशी, पाहुणे आले की डाळ कशात वाढू? सगळ्या वाट्या भूकंपाला गेल्या."

ती उतरंड पडायचीसुद्धा. पंखा जोरात असला की पडायची. खाली रस्त्याचं काम चालायचं तेव्हा पडायची. एकदा कबुतर आत आलं तेव्हा पडली. प्रत्येक वेळी बा उठून उभ्या राहायच्या आणि मी सांगायची, "कबुतर होतं बा, बसा." मी खोटं सांगत नाही हे त्यांना कळलं होतं, त्यामुळे बसायच्या.

एकदा पायाला तेल लावत होते. बा भिंतीकडे बघत बोलायला लागल्या. मी काही विचारलं नव्हतं.

भूकंपाच्या त्या सकाळी त्यांचे यजमान मागच्या बाथरूममध्ये आंघोळीला गेले होते. आतून कडी. जमीन हलली, पुढचं घर बसलं, पण मागची भिंत उभी राहिली. ते जिवंत होते. पण चौकट पिळवटली होती आणि दार चौकटीत रुतलं होतं. त्यांनी आतून कडी काढायचा प्रयत्न केला, कडी वाकली होती, निघेना. वरून छताचा तुकडा त्यांच्या पायावर. बा बाहेर, दाराच्या या बाजूला. गावात प्रत्येकाचंच कोणी ना कोणी दबलेलं, मदतीला कोण येणार? बा दाराशी बसून राहिल्या. त्यांच्यात बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. "सांभळो छो?" म्हणून हाक मारायच्या, म्हणजे आपलं "अहो, ऐकलंत का?" तसं. बा विचारायच्या, "सांभळो छो?" ते म्हणायचे, "हो." बा सांगायच्या, लोक येतायत, आत्ता येतील. पुन्हा विचारायच्या. दिवे लागायच्या सुमाराला उत्तर यायचं थांबलं.

"किरीटला सांगितलं, जागीच गेले," बा म्हणाल्या. "तो मुंबईहून चौथ्या दिवशी पोचला. त्याला काय सांगायचं? कडी होती म्हणून?"

मी दुसऱ्या पायाला तेल लावलं.

आता त्या दुपारचं. जेवणं झाली होती. मी जमिनीवर बसून मटार सोलत होते. नीताबेन डोकं धुवायला गेली होती. बा पलंगावर आडव्या झाल्या होत्या. ताटात वाट्या पडल्या. खणखण झाली, चमचा घरंगळत पलंगाखाली गेला. मी वर बघितलं. पंखा बंद. खिडकी बंद. कबुतर नाही. मला मात्र काहीच जाणवलं नव्हतं.

मी "बसा" म्हणेपर्यंत बा वॉकर घेऊन खोलीच्या बाहेर. इतक्या दिवसांत त्यांना एवढं भराभर चालताना मी पाहिलं नव्हतं. सरळ बाथरूमच्या दाराशी गेल्या आणि वॉकर दारावर हाणायला लागल्या.

"नीता! बाहेर! कडी काढ! बाहेर ये!"

"बा, काय झालं? डोळ्यांत शाम्पू आहे!"

"राहू दे शाम्पू!"

नीताबेन टॉवेल गुंडाळून, केसांना फेस तसाच, रडवेली होऊन बाहेर आली. तोवर बांनी मुख्य दार उघडून मजल्यावरच्या सगळ्या बेल वाजवल्या होत्या. "धरतीकंप! खाली चला!" शेजारचे कुलकर्णीकाका झोपेतून उठून बनियनवर बाहेर आले. त्यांच्या हृदयाचं दुखणं होतं. भूकंपात लिफ्ट घेऊ नये हे त्यांना माहीत होतं, म्हणून जिन्यानं निघाले. सगळा मजला निघाला, त्यांचं बघून खालचे मजलेही. बा जिन्याच्या तोंडाशी वॉकर धरून उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाला पुढे काढत राहिल्या. स्वतः उतरू शकत नव्हत्या. मी त्यांच्यापाशी थांबले.

खाली लोक जमले, वर बघत राहिले. बिल्डिंग होती तशी उभी. वॉचमन म्हणाला, "मला तर काहीच जाणवलं नाही. मी खुर्चीतच होतो." कोणीतरी म्हणालं, "अरे यार, त्या म्हातारीच्या वाट्या पडल्या असतील." हसले सगळे. तेवढ्यात कुलकर्णीकाका पायरीवर बसले आणि छाती धरली. मग कोणी हसलं नाही. रिक्षात घालून नेलं. संध्याकाळी घरी सोडलं, काही झालं नव्हतं, पण त्यांच्या बायकोनं आल्या आल्या आमच्या दारात उभं राहून जे बोलायचं ते बोलून घेतलं. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

किरीटभाई दुकान सोडून आला होता. बा पलंगावर. मी निघायची पिशवी भरत होते. त्यानं मला हॉलमध्ये बोलावलं.

"मावशी, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून विचारतो. तुम्हाला धक्का बसला का?"

खोलीचं दार उघडंच होतं. बा ऐकत होत्या. हो म्हटलं असतं तर बांचं डोकं ठिकाणावर आहे असं ठरलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "वाट्या पडल्या. पंखा बंद होता, खिडकी बंद होती. पण मला काही जाणवलं नाही. मला जाणवलं नाही म्हणून झालंच नाही असं मी म्हणणार नाही."

तो पुढचं ऐकत नव्हता. म्हणाला, "आज काकांना काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं? उद्या दुकानातून कडी आणतो. बाच्या खोलीला बाहेरून. तुम्ही स्वयंपाकघरात असाल, रात्री आम्ही झोपलेले असू, तेव्हा लावायची."

"मी लावणार नाही," मी म्हटलं.

"मग नीता लावेल."

मला तेलाच्या दिवशीचं सगळं तोंडात आलं होतं. पण ते माझं नव्हतं. बांचं होतं आणि त्या उशीला टेकून, डोळे उघडे ठेवून ऐकत होत्या. त्यांना सांगायचं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

मी चपला घालत होते तेव्हा नीताबेनच्या फोनवर बातमी आली. तिनं नवऱ्याला दिला, त्यानं वाचली. डहाणूच्या बाजूला हलका धक्का. केंद्र जमिनीत बरंच खोल. मुंबईच्या उपनगरांत उंच इमारतींमध्ये काही ठिकाणी जाणवला. नुकसान कुठंही नाही.

आतून बांचा आवाज आला. "म्हणजे आला होता."

"आला होता, बा," किरीटभाई म्हणाला. आवाज नरम होता. मला वाटलं, आता कडीचं राहिलं. पण तो म्हणाला, "इतका हलका की कुणाला कळला नाही, आणि तू अख्खी बिल्डिंग जिन्यात काढलीस. असे येतच राहणार. मग मी काय करू, तूच सांग."

पोरगा वाईट नव्हता. आईचं खरं निघालं म्हणूनच तो जास्त घाबरला होता.

दुसऱ्या दिवशी तो सुताराला घेऊन आला. कडी त्याच्याच दुकानातली, पितळेची, भारीतली. सुतार वयस्क होता. दाराजवळ उभा राहून त्यानं विचारलं, "शेठ, आतून ना?"

"बाहेरून."

सुतारानं पलंगावरच्या बांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. त्यानं ड्रिल लावलं. भुसा बांच्या चपलांवर पडला. स्क्रू पिळून झाले, कडी दोनदा सरकवून बघितली. छान सरकत होती.

बा उठल्या. वॉकर घेऊन बाहेर हॉलमध्ये आल्या. "किरीट, तू आत जा," म्हणाल्या. "मला लावता येते का बघते."

"तुला कशाला लावायचीय?"

"जा रे."

आईची समजूत काढायला म्हणून तो हसत आत गेला. बांनी दार ओढलं आणि कडी सरकवली. मग मला म्हणाल्या, "स्टूल दे." मी दिलं. त्या दाराला खांदा लावून बसल्या. बोटानं दारावर टकटक केलं.

"सांभळो छो?"

"हो बा, ऐकतोय. झालं ना? काढ आता."

"लोक येतायत. आत्ता येतील."

"कोण लोक?"

"पायावर फार वजन आहे का?"

आतून उत्तर आलं नाही. सुतार स्क्रूड्रायव्हर पेटीत ठेवत होता, तो तसाच हातात राहिला. नीताबेन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"सांभळो छो?" बांनी पुन्हा विचारलं. आवाज अगदी साधा होता. पोळी वाढू का विचारावं तसा. "पाणी आणलंय. फटीतून येत नाही. थोडं थांबा. लोक येतायत."

मग आतून किरीटभाईचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून.

"बा. किती वेळ बोलत होते?"

"दिवेलागणीपर्यंत," बा म्हणाल्या.

"तू तर म्हणाली होतीस..."

"तुला काय सांगणार होते?"

बांनी कडीला हात घातला, पण दारावर आतून भार होता, कडी सरकेना. त्या दोन्ही हातांनी ओढायला लागल्या आणि तोंडातून नुसता "निघेना, निघेना" असा आवाज यायला लागला. मी त्यांचा हात बाजूला केला आणि कडी काढली. किरीटभाई दाराला टेकून खाली बसला होता, तो बाजूला सरकला तसं दार आत उघडलं. त्यानं आईच्या पायाला, ऑपरेशनच्या पायाला, हात लावला आणि तसाच बसून राहिला. बांनी त्याच्या डोक्यावरचा भुसा झटकला.

सुतारानं कोणी न सांगता स्क्रू काढायला घेतले. निघताना कडी टेबलावर ठेवली. चौकटीला भोकं राहिली ती राहिलीच.

मुख्य दाराचा प्रश्न तसाच होता. मग किरीटभाईनं तिथं जाळीचं दार बसवलं, बोटानं दाबलं की आतून उघडेल असं. बांनी ते दहा वेळा उघडून बघितलं आणि मग पास केलं. कुलकर्णीकाकांच्या बायकोशी मात्र शेवटपर्यंत बोलणं नव्हतं.

बा पुढच्या थंडीत गेल्या, न्यूमोनियानं, आपल्या पलंगावर. पाठ साफ होती.

कार्य उरकल्यावर मी माझी पिशवी आणि एक राहिलेली साडी आणायला सकाळीच गेले. नीताबेननं जाळीचं दार आतून दाबून उघडलं आणि पुन्हा कामाला लागली. ती बांच्या वाट्या धुऊन मांडणीत लावत होती. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता आणि दार नुसतं लोटलेलं, बोटभर उघडं होतं. आत किरीटभाई आंघोळ करत होता.

मी सवयीनं दार ओढून घ्यायला पुढे झाले, आणि हात मागे घेतला.